रेषेच्या आत कोण, बाहेर कोण? : ऑलिंपिकमधल्या बास्केटबॉलची गोष्ट

   आज बास्केटबॉलबद्दल बोलायचंय. एनबीएबद्दल नाही बरं का. त्याच्या रील्स तुम्ही बघताच. आज बोलायचंय ते ऑलिंपिक, एशियन गेम्स अशा स्पर्धांमधल्या बास्केटबॉलबद्दल, जिथे जर्सीवर क्लबचं नाव नसतं, देशाचं असतं.

सुरुवात अगदी अलीकडून करू. ११ ऑगस्ट २०२४, पॅरिस. महिलांची फायनल, अमेरिका विरुद्ध फ्रान्स. अमेरिका ६७, फ्रान्स ६४. शेवटचे क्षण. फ्रान्सची गॅबी विल्यम्स बॉल घेते, उडी मारते, फेकते आणि बझर वाजता वाजता बॉल बास्केटमध्ये! स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. सगळ्यांना वाटलं, तीन पॉइंट, म्हणजे बरोबरी, म्हणजे जादा वेळ. पण तिच्या बुटाचं टोक रेषेवर होतं. त्यामुळे दोनच पॉइंट. ६७-६६. अमेरिकन मुलींना सलग आठवं सुवर्णपदक.

आता यातली गंमत बघा. फ्रान्ससाठी जीव तोडून खेळणारी ही गॅबी विल्यम्स जन्मली अमेरिकेत, नेवाडा राज्यात. आई फ्रेंच, म्हणून ती फ्रान्सकडून खेळते. म्हणजे एकाच मॅचमध्ये दोन रेषा आहेत. एक कोर्टवर रंगवलेली. दुसरी कागदावरची, कोण कोणत्या देशाचा ते ठरवणारी. पहिल्या रेषेचा निकाल कॅमेरा देतो. दुसऱ्या रेषेवर मात्र गेली नव्वद वर्षं भांडणं चालू आहेत. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर ठेवायचं? आजची गोष्ट त्याचीच.

जरा मागे जाऊ. डिसेंबर १८९१. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड गाव. तिथल्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाचे शिक्षक होते, मूळचे कॅनडाचे. बाहेर कडाक्याची थंडी, आत पोरं कंटाळलेली, दंगा करणारी. त्यांना हॉलमध्ये खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. नेस्मिथनी पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून भिंतीवर लावले. झाला बास्केटबॉल सुरू. टोपलीला बूड होतं, त्यामुळे प्रत्येक बास्केटनंतर कोणीतरी वर चढून बॉल काढायचा!

वायएमसीएची माणसं जगभर गेली आणि खेळ त्यांच्याबरोबर गेला. आपल्याकडेसुद्धा. १९२० साली मद्रासमध्ये हॅरी बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. तेही त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेले. भारतात हा खेळ रुजवण्यात त्या कॉलेजचा मोठा वाटा आहे.

ऑलिंपिकमध्ये मात्र हा खेळ अधिकृतपणे आला तो १९३६ ला. हिटलरचं बर्लिन. नेस्मिथ तेव्हा ७४ वर्षांचे होते. त्यांना बर्लिनला जाता यावं म्हणून अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी वर्गणी काढली. पहिल्या मॅचचा पहिला बॉल त्यांनीच वर उडवला, एस्टोनिया विरुद्ध फ्रान्स. आता या खेळाचा जन्मच मुळी छपराखाली खेळण्यासाठी झाला होता, पण आयोजकांनी मॅच ठेवल्या बाहेर, मातीच्या टेनिस कोर्टांवर! फायनलच्या दिवशी धो धो पाऊस. चिखलात बॉल आपटला की तिथेच रुतायचा, त्यामुळे ड्रिबलिंग बंद. फायनलचा स्कोअर ऐका : अमेरिका १९, कॅनडा ८. दुसऱ्या हाफमध्ये तर दोन्ही टीमना चार-चारच पॉइंट. आज स्टेफ करी तेवढे दोन मिनिटांत करतो. पण नेस्मिथसाठी ती फायनल म्हणजे आपली जन्मभूमी विरुद्ध कर्मभूमी. पदकं त्यांच्याच हातून दिली गेली. पुढे तीन वर्षांनी ते गेले.

आशियात बघाल तर पहिल्या एशियन गेम्सपासून बास्केटबॉल आहे. १९५१, नवी दिल्ली. सुवर्णपदक फिलिपिन्सला. आणि नुसतं तेव्हाच नाही, पहिल्या चारही एशियन गेम्समध्ये फिलिपिन्सच! आपल्याकडे क्रिकेट तसं तिकडे बास्केटबॉल. पण या सगळ्यात महिला कुठे होत्या? एशियन गेम्समध्ये त्यांचं बास्केटबॉल आलं १९७४ ला, तेहरानमध्ये. ऑलिंपिकमध्ये १९७६ ला, मॉन्ट्रियलमध्ये. म्हणजे पुरुषांनंतर तब्बल ४० वर्षांनी, आणि तेही फक्त सहा टीम. ऑलिंपिकमधलं महिलांचं पहिलं बास्केट मारलं अमेरिकेच्या लुसिया हॅरिसने. सुवर्ण मात्र सोव्हिएत युनियनला.

आता येऊ त्या मॅचकडे, जिच्यावर आजही वाद होतात. १९७२, म्युनिक. आधी वातावरण समजून घ्या. ५ सप्टेंबरला अतिरेक्यांनी ऑलिंपिक व्हिलेजमध्ये घुसून इस्रायलच्या पथकाला ओलीस धरलं. त्यात ११ इस्रायली मारले गेले. स्पर्धा थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या. अशा सुन्न वातावरणात पुरुषांची फायनल झाली, अमेरिका विरुद्ध सोव्हिएत युनियन. मॅच सुरू झाली रात्री पावणेबाराला, का तर अमेरिकेतल्या टीव्हीच्या वेळेसाठी. अमेरिका ऑलिंपिकमध्ये तोवर एकही मॅच हरली नव्हती. ६३ मॅच, ६३ विजय.

त्या रात्री सोव्हिएत टीम जवळपास पूर्ण वेळ पुढे होती. शेवटचे काही सेकंद, सोव्हिएत ४९, अमेरिका ४८. डग कॉलिन्सने बॉल अडवला, धावत सुटला, आणि बास्केटखाली त्याला असा धक्का बसला की तो थेट खांबावर आदळला. तीन सेकंद बाकी. त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. कसाबसा उठून त्याने दोन्ही टाकले. अमेरिका ५०, सोव्हिएत ४९.

इथून पुढचं नीट ऐका. दुसरा फ्री थ्रो चालू असतानाच टेबलावरून भोंगा वाजला. सोव्हिएत कोचचं म्हणणं, आम्ही टाइमआउट मागितला होता, तो दिलाच नाही. खेळ सुरू झाला आणि एक सेकंद उरलेला असताना थांबवला गेला. मग प्रेक्षकांतून खाली आले विल्यम जोन्स, जागतिक बास्केटबॉल संघटनेचे, म्हणजे फिबाचे सरचिटणीस. त्यांनी सांगितलं, घड्याळ परत तीन सेकंदांवर लावा. आता नियमांप्रमाणे मॅच चालू असताना असं सांगायचा अधिकार त्यांना नव्हता. पण त्यांच्या शब्दाला वजन इतकं की ऐकलं गेलं.

दुसऱ्यांदा बॉल आत आला, भोंगा वाजला, अमेरिकन पोरं नाचायला लागली. जिंकलो! तेवढ्यात कळलं की घड्याळ नीट लावून व्हायच्या आधीच खेळ सुरू केला होता. पुन्हा थांबा. पुन्हा तीन सेकंद. तिसऱ्या वेळी इव्हान येदेश्कोने कोर्टच्या या टोकापासून त्या टोकाला लांबलचक पास फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने तो झेलला आणि बास्केट मारलं. ५१-५०.

अमेरिकेने तक्रार केली. पाच जणांची समिती बसली. निकाल ३ विरुद्ध २. सोव्हिएतच्या बाजूने मत देणारे तिघं होते हंगेरी, पोलंड आणि क्यूबाचे. विरोधात इटली आणि पोर्टो रिको. शीतयुद्धाचा नकाशा काढा आणि समोर ठेवा, मतं कुठे गेली ते आपोआप दिसेल. ब्राझीलच्या पंचाने स्कोअरशीटवर सही करायला नकार दिला. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदक घेतलं नाही, ते आजतागायत. त्यांचा कॅप्टन केनी डेव्हिस याने तर मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझ्या मागे घरच्यांनीही ते पदक घेऊ नये.

पण दुसरी बाजूही ऐका. टाइमआउट खरंच मागितला असेल आणि तो टेबलावरच्या घोळामुळे मिळाला नसेल, तर सोव्हिएत टीमची तरी काय चूक? बेलोव्ह बिचारा १९७८ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी हृदयाच्या आजाराने गेला. एका बाजूला न घेतलेली पदकं, दुसऱ्या बाजूला असं सुवर्ण ज्याबद्दल अर्धं जग अजून शंका घेतं. टेबलावरच्या काही माणसांच्या गोंधळाची किंमत दोन्हीकडच्या पोरांनी मोजली.

आता जरा आपल्या घरचं. भारत ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळलाय हे किती जणांना माहितीये? खेळलाय. एकदाच. १९८०, मॉस्को. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य घुसलं म्हणून अमेरिकेने बहिष्कार टाकला, बरेच देश त्यांच्यामागे गेले, त्यात आशियातल्या तगड्या टीमही होत्या. जागा रिकामी झाली आणि आपल्याला मिळाली. अजमेर सिंगसारखे चांगले खेळाडू आपल्याकडे होते. पण १२ टीममध्ये आपण बारावे आलो, एकही मॅच जिंकली नाही.

कोणी म्हणेल, मग त्यात सांगण्यासारखं काय? मला वाटतं आहे. त्या पोरांना दार कोणामुळे उघडलं हा त्यांचा प्रश्न नव्हता. दार उघडं होतं, ते आत गेले आणि जगातल्या मोठमोठ्या टीमसमोर उभे राहिले. त्यानंतर ४० वर्षं उलटून गेली, ते दार आपल्याला परत उघडता आलेलं नाही. आणि बरं, त्या वर्षी घरच्या मैदानावर सोव्हिएत टीमही जिंकली नाही. सुवर्ण युगोस्लाव्हियाचं, सोव्हिएतला कांस्य.

पुढचा वाद पैशांचा. ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश, असा नियम. म्हणजे एनबीएमध्ये पगार घेणारा बाहेर. पण सोव्हिएत खेळाडू? कागदोपत्री कोणी सैन्यात, कोणी विद्यार्थी, प्रत्यक्षात वर्षभर बास्केटबॉलच खेळायचे. त्यामुळे मॅच व्हायची अमेरिकेची कॉलेजची पोरं विरुद्ध मुरलेले गडी. १९८८ ला सोलमध्ये सोव्हिएतने अमेरिकेला सेमीफायनलमध्ये ८२-७६ असं सरळ हरवलं. पुढच्याच वर्षी फिबाने मतदान घेतलं, ५६ विरुद्ध १३, व्यावसायिकांना प्रवेश. विरोधात मत देणाऱ्यांत अमेरिकाही होती, हे ऐकून लोकांना धक्का बसतो.

मग १९९२, बार्सिलोना. जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड एका टीममध्ये. ड्रीम टीम! अंगोलाला ११६-४८, फायनलमध्ये क्रोएशियाला ११७-८५. समोरचे खेळाडू मॅचनंतर त्यांच्याबरोबर फोटो काढायला थांबायचे. ही गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. पण त्याच स्पर्धेतली कांस्यपदकाची मॅच मला जास्त आवडते.

१९८८ ला जी सोव्हिएत टीम जिंकली, तिचे चार मुख्य खेळाडू होते लिथुआनियाचे. साबोनिस, मार्चुलियोनिस, कुर्तिनाइतिस, होमिचुस. गळ्यात सुवर्ण, पण राष्ट्रगीत वाजलं दुसऱ्यांचं. १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. देश नवा, खिसा रिकामा. टीम ऑलिंपिकला पाठवायची तर पैसे कुठून आणायचे? मार्चुलियोनिस तेव्हा एनबीएमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून खेळत होता. त्याने वर्गणी मागायला सुरुवात केली. मदतीला कोण आलं, तर सॅन फ्रान्सिस्कोचा रॉक बँड, ग्रेटफुल डेड! त्यांनी पैसे दिले, वर लिथुआनियाच्या झेंड्याच्या पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांत रंगवलेले टी-शर्ट दिले, त्यावर बास्केटबॉल खेळणारा सांगाडा.

कांस्यपदकाची मॅच कोणाशी पडावी? जुन्या सोव्हिएत संघातल्या उरलेल्या देशांच्या एकत्रित टीमशी. लिथुआनिया जिंकला, ८२-७८. आणि सरकारी कोट-टाय बाजूला ठेवून ती माणसं पदक घ्यायला गेली ते रंगीबेरंगी टी-शर्ट घालून. चार वर्षांपूर्वी सुवर्ण जिंकलेली माणसं कांस्यासाठी ढसाढसा रडली. पदकाची किंमत धातूवर ठरत नाही, ती अशी ठरते.

ड्रीम टीम बघून जग नुसतं टाळ्या वाजवत बसलं नाही, शिकलं. २००४, अथेन्स. अमेरिका पोर्टो रिकोकडून १९ पॉइंटनी हरली, सेमीफायनलमध्ये अर्जेंटिनाकडूनही हरली. मनू जिनोबिलीच्या अर्जेंटिनाने सुवर्ण नेलं. त्याच दिवशी त्यांच्या फुटबॉल टीमनेही सुवर्ण जिंकलं. ५२ वर्षांत एकही सुवर्ण नाही आणि एका दिवसात दोन!

आता एक अवघड प्रसंग. २००० सालचं सिडनी पॅरालिंपिक. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंच्या बास्केटबॉलमध्ये स्पेनने सुवर्ण जिंकलं. नंतर उघड झालं की १२ पैकी १० खेळाडूंना तशी अक्षमताच नव्हती. टीममध्ये लपून खेळलेल्या एका पत्रकारानेच ते फोडलं. पदकं परत घेतली गेली. पण शिक्षा कोणाला झाली बघा. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचे सगळेच क्रीडाप्रकार पॅरालिंपिकमधून काढले गेले. ते परतले थेट २०१२ ला, तेही मोजक्याच खेळांत. बास्केटबॉल अजून परतलेलं नाही. खोटं बोलून आत घुसले दहा जण, बाहेर राहिले जगभरचे खरे खेळाडू.

आणि २०१४ चं इंचॉन एशियन गेम्स. कतारच्या मुली मंगोलियाविरुद्ध खेळायला कोर्टवर आल्या. त्यांना सांगितलं, हिजाब काढा. फिबाचा नियम होता, डोक्यावर काही घालायचं नाही, इजा होऊ शकते म्हणून. मुलींनी नकार दिला आणि मॅच सोडून दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये, चीनमध्ये वूहानला आशिया कप होता. तिथे आपल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंगला पगडी काढून खेळायला लावलं होतं. हरभजन सिंगला क्रिकेटच्या मैदानात पटका काढ म्हणून कोणी सांगितलं असतं, तर काय झालं असतं विचार करा! गंमत म्हणजे त्याच स्पर्धेत आपण चीनला त्यांच्या घरी हरवलं होतं. खूप ओरडा झाला आणि २०१७ मध्ये फिबाने नियम बदलला. म्हणजे बदल होतो, पण आधी कोणीतरी मॅच गमावलेली असते. आणि वाद तिथेही संपला नाही. २०२४ ला यजमान फ्रान्सनेच आपल्या खेळाडूंना हिजाब घालून खेळायची परवानगी दिली नाही.

शेवटची गोष्ट दक्षिण सुदानची. देश २०११ ला जन्मला. यादवी युद्ध, लाखो निर्वासित. टीममधली बरीच मुलं परदेशात वाढलेली, काही तर निर्वासितांच्या छावणीत जन्मलेली. एनबीएमधून निवृत्त झालेला लुओल डेंग संघटनेचा अध्यक्ष झाला आणि स्वतःच्या खिशातून खर्च करून टीम उभी केली. पॅरिस ऑलिंपिकच्या आधी लंडनमध्ये सराव सामना होता, समोर लेब्रॉन, करीची अमेरिका. दक्षिण सुदान हरला १०१-१००! एका पॉइंटने! मग ऑलिंपिकमधली त्यांची पहिली मॅच, पोर्टो रिकोविरुद्ध. राष्ट्रगीत लागलं आणि लागलं ते चुकीचं. सुदानचं! म्हणजे ज्या देशापासून रक्त सांडून वेगळे झाले, त्याचं. खेळाडू छातीवर हात ठेवून उभे होते, गोंधळून बघत होते. प्रेक्षकांनी आधी आरडाओरडा केला आणि नंतर टाळ्यांनी त्यांना आधार दिला. काही मिनिटांनी बरोबर गीत लागलं. आणि मग त्यांनी मॅच जिंकली, ९०-७९. ऑलिंपिकमधला देशाचा पहिला विजय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, आपलं काय? आपल्याकडे खेळाडू नाहीत असं नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन राहिलेली आहे. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आपल्या मुलींनी क्वार्टरफायनल गाठली. तुमच्यातल्या किती जणांनी ती बातमी वाचली होती? खरं सांगा. आणि आता तर थ्री बाय थ्री आहे. अर्धं कोर्ट, एकच बास्केट, तीन जण मैदानात आणि एक बदली. १० मिनिटं किंवा २१ पॉइंट, जे आधी होईल ते. टोकियोपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे, आणि पुरुषांचं पहिलं सुवर्ण कोणी नेलं? लाटव्हियाने. लोकसंख्या वीस लाखांच्या आत. पुणे शहर त्यापेक्षा मोठं आहे, राव!

चार चांगले खेळाडू लागतात. आपल्या गावातल्या शाळेत, कॉलेजात, पोलीस लाइनीच्या मागे कुठेतरी एक गंजलेली रिंग असतेच. जाळी फाटलेली असते, खाली कोणीतरी स्कूटर लावलेली असते. दक्षिण सुदानच्या पोरांकडे सुरुवातीला याहून जास्त काही नव्हतं. तर या रविवारी एक काम करा. ती स्कूटर ज्याची असेल त्याला गोड बोलून बाजूला घ्यायला लावा, आणि तिघं-चौघं मिळून खेळा. एखादी मुलगी कडेला उभी राहून बघत असेल, तर तिला आत बोलवा. आपल्याला जमतं तेवढं दार आपण उघडू.

मॅच कशी झाली ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या आणि ऐकत राहा!